पुंगलीचा पूल

टांगाईल हें नांव आमच्या भगिनीवर्गास अपरिचित नाहीं. हलक्या सुती पोताची, कांठापदरावर बारीक बुट्टे विणलेली टांगाईलची साडी पुण्यामुंबईच्या दुकानांतून मिळते आणि उन्हाळ्यांत ती आवडीनें नेसली जाते. परंतु ज्या गांवानें ह्या साडीस नांव दिलें, त्याच गांवाजवळ एके संध्याकाळीं मराठा पलटणीचे जवान आकाशांतून खालीं उतरले होते, ही गोष्ट फारच थोड्यांस ठाऊक असेल. गेल्या हिंवाळ्यांत ढाक्यास जाण्याचा योग आला, तेव्हां ती जागा स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावी असा आम्हीं निश्चय केला. त्या प्रवासाची ही हकीकत आहे.

टांगाईल हें ढाक्याच्या वायव्येस पन्नाससाठ मैलांवरचें जिल्ह्याचें ठिकाण. १९७१ सालीं हा सारा मुलूख पूर्व पाकिस्तान ह्या नांवानें ओळखला जात असे. त्या वर्षीं २५ मार्चच्या रात्रीं पाकिस्तानी लष्करानें ढाक्यांत कत्तल आरंभिली. पुढील महिन्यांत सुमारें एक कोटि निर्वासित सरहद्द ओलांडून भारतांत आले. आणि ३ डिसेंबर रोजीं दोन्ही देशांमध्यें उघड युद्ध जुंपलें. तें १६ डिसेंबरला संपलें. त्या अवघ्या दोन आठवड्यांतील ११ व १२ डिसेंबर ह्या दोन दिवसांशीं आमच्या प्रवासाचा संबंध होता.

ढाक्याहून आम्ही सकाळीं मोटारीनें निघालों. येथें एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. ज्या रस्त्यानें आम्ही टांगाईलकडे चाललों होतों, जवळजवळ त्याच रस्त्यानें ते सैनिक टांगाईलहून ढाक्याकडे आले होते. आम्ही त्यांच्या पावलांवरून उलटे चाललों होतों. त्यामुळें कथेचा शेवट आम्हांस प्रथम भेटला.

शहराच्या पश्चिम वेशीवर तुराग नदी लागते. तिच्यावरचा हा मीरपूरचा पूल. १६ डिसेंबर १९७१ च्या सकाळीं मेजर जनरल गंधर्व नागरा ह्या पुलाच्या पलीकडच्या तोंडाशीं येऊन ठेपले आणि त्यांनीं पाकिस्तानी सेनापति जनरल नियाझी यांस, जुनी ओळख स्मरून, एक लहानशी चिठ्ठी पाठविली. मी मीरपूरच्या पुलावर आलों आहें, आपला प्रतिनिधि पाठवा, इतकाच तिचा आशय होता. त्यानंतर जी भारतीय पलटण सर्वांच्या आधीं ढाक्यांत शिरली, ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी, म्हणजेच मराठा पलटण होय. त्याच दिवशीं दुपारीं रमण्याच्या घोडदौडीच्या मैदानावर शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या आणि सुमारें ९३,००० माणसें युद्धकैदी झालीं. आज ह्या पुलावर ट्रक व बसगाड्या यांची अशी दाटी असते कीं क्षणभर थांबून नदीकडे पाहण्याचीही सोय नाहीं.

पुढें सावर येथें हुतात्म्यांचें राष्ट्रीय स्मारक आहे. सय्यद मैनुल हुसेन ह्या स्थापत्यकारानें आंखलेल्या ह्या स्मारकांत त्रिकोणी भिंतींच्या सात जोड्या एकीपुढें एक अशा चढत जातात व शेवटीं त्यांचें १५० फूट उंचीचें शिखर होतें. जवळून पाहतां नुसत्या भिंती दिसतात, दूर गेल्यावर मात्र तें उभारलेल्या शिडासारखें भासतें.

चंद्रा व कालियाकैर मागें पडलीं कीं बंगालचा खरा मुलूख उघडा होतो. प्रदेश सपाट आहे. भात कापून झालेलें असतें आणि मधूनमधून मोहरीच्या फुलांचे पिवळेधमक पट्टे दिसतात. येथील घरांची एक रीत आम्हांस विशेष वाटली. पुराचें पाणी घरांत शिरूं नये म्हणून लोक जमीन खणून त्या मातीचा उंचवटा करितात व त्यावर घर बांधतात. जेथून माती काढली तेथें तळें होतें. यामुळें दर दोनचार घरांमागें एक तळें, भोंवतीं बांबूचें बेट, आणि दोहोंच्या मध्यें केळी व फणस, असें चित्र मैलोगणती दिसत राहतें. ह्या तळ्यांचा उल्लेख आम्हीं मुद्दाम केला आहे. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

वाटेवर मिर्झापूर लागतें. दानशूर रणदाप्रसाद साहा यांनीं आपल्या मातोश्रींच्या नांवानें स्थापिलेलें कुमुदिनी रुग्णालय येथें आहे, आणि त्यांनीं मुलींसाठीं काढलेली शाळाही येथेंच आहे. ह्या परोपकारी पुरुषास व त्यांच्या तरुण पुत्रास १९७१ च्या मे महिन्यांत पाकिस्तानी लष्कराच्या माणसांनीं धरून नेलें; ते दोघेही पुन्हां कोणाच्या दृष्टीस पडले नाहींत. रुग्णालय मात्र चालूं आहे. टांगाईलच्या लोकांनीं आकाशांतून आलेल्या परक्या सैनिकांस आपलें कां मानलें, हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल त्यानें येथें क्षणभर थांबावें.

दुपारीं आम्ही टांगाईलास पोंचलों. गांव गजबजलेलें आहे. येथील पोराबारीचा चमचम सर्व बंगालांत नांवाजलेला असून त्याचा तांबूस रंग व आंतील दाणेदारपणा आमच्या गुलाबजामास लाजवील असा आहे. जवळच आतिया येथें १६०९ सालची मशीद आहे. तिचें चित्र एकेकाळीं बांगलादेशच्या दहा टाक्यांच्या नोटेवर असे. पाथराईल गांवांत आम्हीं माग पाहिले. येथील बसाक विणकरांपैकीं पुष्कळ कुटुंबें फाळणीनंतर पश्चिम बंगालांत फुलियाकडे गेलीं. जीं राहिलीं त्यांच्या मागांचा खटखटाट अद्याप ऐकूं येतो.

परंतु आमचें मन पुलाकडे लागलें होतें. टांगाईलहून उत्तरेस कालीहातीकडे निघालें कीं थोड्याच वेळांत पुंगली लागते. लष्करी इतिहासांत हा पूल लोहाजंग नदीवरचा म्हणून नोंदला गेला आहे. हिंवाळ्यांत नदीस पाणी बेताचेंच असतें. ज्यास इतिहास ठाऊक नाहीं तो प्रवासी येथें वळूनही पाहणार नाहीं.

ह्या पुलाचें महत्त्व कळण्यास नकाशा मनासमोर आणावा लागतो. पाकिस्तानची ९३ वी ब्रिगेड उत्तरेस मैमनसिंग व जमालपूर येथें होती. मेघालयाच्या डोंगरांतून उतरलेलें भारतीय सैन्य तिला दक्षिणेकडे रेटीत होतें. तिला ढाक्यास परतावयाचें तर मधुपूरच्या शालवनांतून टांगाईलवरून जाणारा हाच रस्ता धरावा लागणार होता. ही ब्रिगेड ढाक्यास सुखरूप पोंचली असती तर राजधानीचा बचाव तितका बळकट झाला असता, आणि लाखों लोकांच्या शहरांत घरोघर लढाई होण्याचा प्रसंग आला असता. म्हणून पुंगलीच्या पुलावर आधींच कोणी जाऊन बसणें अवश्य होतें. आणि शत्रूच्या पाठीमागें, इतक्या नद्या ओलांडून, वेळेवर जाण्याची वाट आकाशांतूनच होती.

तयारी अर्थातच आधीं झाली होती. टांगाईलच्या परिसरांत अब्दुल कादेर सिद्दिकी ह्या तरुण पुढाऱ्यानें मुक्तियोद्ध्यांची मोठी फौज उभारली होती. लोक त्यास ‘बाघा’ म्हणत. उडीच्या पूर्वीं भारतीय सेनेचे कप्तान पी. के. घोष गुप्तपणें त्याच्या मुलखांत जाऊन राहिले व उतरण्याच्या जागेची पाहणी करून आले. ११ डिसेंबर रोजीं दुपारीं कलाईकुंडा व दमदम येथील विमानतळांवरून अँटोनोव्ह, पॅकेट, डाकोटा व कॅरिबू अशा नाना जातींचीं विमानें निघालीं. दिवस मावळण्याच्या सुमारास टांगाईलच्या उत्तरेचें आकाश छत्र्यांनीं भरून गेलें. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखालीं पलटण, तिच्याबरोबरचे तोफखान्याचे, सफरमैनेचे व इस्पितळाचे लोक मिळून ७०० ते ८०० माणसें होतीं. स्वतंत्र भारताच्या सेनेनें रणांगणांत घेतलेली अशा प्रकारची ही पहिलीच उडी होती. परदेशीं वृत्तपत्रांत हा आकडा फुगून हजारांवर गेला, आणि त्या फुगलेल्या आकड्यानेंही ढाक्यांतील सेनापतीच्या मनावर आपलें काम केलें.

अशी उडी म्हणजे काय, याची कल्पना आपणां घरीं बसून वाचणारांस सहज येत नाहीं. प्रत्येक सैनिकाच्या पाठीवर एक छत्री व छातीवर दुसरी राखीव छत्री असते. पाठीवरील छत्रीची दोरी विमानाच्या आंतील तारेस अडकविलेली असते. माणूस दारांतून बाहेर पडला कीं ती दोरी ताणली जाऊन छत्री उघडते. सुमारें हजार फुटांवरून खालीं येण्यास एखादेंच मिनिट लागतें. त्या मिनिटांत त्यास लपावयास जागा नसते. पाठीवरची छत्री त्यानें स्वतः गुंडाळलेली नसते. ती दूर तळावर कोणा कारागिरानें घडी घालून दिलेली असते. दोरी अडकलीच तर ती कापून त्यास मोकळा करणारा हात विमानांत उभ्या असलेल्या दुसऱ्याचा असतो. विमान नेमक्या जागीं आणणारा वैमानिक तिसराच असतो. अर्थात् दाराबाहेर टाकलेलें तें एक पाऊल वरून पाहतां एकट्याचें धाडस दिसलें, तरी त्याच्या मुळाशीं अनेक अज्ञात माणसांवरचा विश्वास असतो. धैर्याचें हें स्वरूप आम्हांस पुंगलीच्या कांठीं उभे असतांना विशेष जाणवलें.

खालीं उतरल्यावरही सर्व कांहीं सुरळीत झालें असें नाहीं. वाऱ्यानें माणसें पांगलीं. आणि वर ज्यांचा उल्लेख केला त्या तळ्यांत कांहीं सामान जाऊन पडलें. तेव्हां आसपासच्या खेड्यांतील लोक ‘जय बांगला’ अशी आरोळी देत धांवून आले. त्यांनीं पाण्यांत पडलेलें सामान काढलें आणि दारूगोळ्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन वाहिल्या. पुलाजवळच्या चहाच्या दुकानीं आम्हांस एक साठी उलटलेले शेतकरी गृहस्थ भेटले. आम्ही महाराष्ट्रांतून आलों हें कळतांच त्यांनीं आम्हांस बांकावर जागा करून दिली. त्या वेळीं ते लहान मूल होते. “दादा,” ते म्हणाले, “पेट्या मोठ्यांनीं उचलल्या. आम्हां पोरांस आईनें कळश्या दिल्या व सांगितलें, आधीं त्यांना पाणी पाजा, मग बघत उभे राहा.” चहाचे पैसे मात्र त्यांनीं आम्हांस देऊं दिले नाहींत.

अंधार पडल्यावर लौकरच पलटणीनें पूल हस्तगत केला. त्या रात्रीं उत्तरेकडून माघार घेणाऱ्या पाकिस्तानी तुकड्या मोटारींतून पुलाकडे येऊं लागल्या. पूल दुसऱ्याच्या हातीं गेला आहे हें त्यांस ठाऊक नव्हतें. गोळीबार सुरू झाल्यावर त्यांनीं वाट मोकळी करण्यासाठीं पुनःपुन्हां हल्ले चढविले, आणि प्रत्येक वेळीं ते परतविले गेले. त्यांच्यांतील शिपायांच्या शौर्यासही नांव ठेवतां येत नाहीं. तेही घरापासून शेंकडों कोस दूर होते, त्यांचेही सोबती शेजारीं पडत होते; त्यांच्या वरिष्ठांनीं ज्या कार्यांत त्यांस लोटलें होतें तें मात्र कलंकित होतें. शत्रूचा कांहीं भाग उडीच्या आधींच दक्षिणेस निसटला होता. परंतु त्यांचे ब्रिगेडियर कादिर खान हे पुढें ढाक्याच्या वाटेवर पकडले गेले, आणि ब्रिगेड म्हणून ती सेना राजधानीच्या उपयोगीं पडली नाहीं.

छत्रीधारी सैनिकाजवळ दारूगोळा व अन्न थोडेंच असतें. तो जागा घेऊं शकतो, ती फार दिवस राखूं शकत नाहीं. जमिनीवरून चालून येणारें सैन्य त्यास वेळेवर भेटलें तरच त्याची उडी सफळ होते. १९४४ च्या सप्टेंबर महिन्यांत हॉलंडांत आर्नहेम येथें काय घडलें तें सर्वश्रुत आहे. ऱ्हाइन नदीच्या पलीकडे सुमारें १०,००० माणसें आकाशांतून उतरविण्यांत आलीं. कर्नल फ्रॉस्ट यांच्या थोड्या लोकांनीं तेथील पुलाचें एक तोंड चार दिवस धरून ठेवलें. जमिनीवरचें सैन्य दोन दिवसांत येऊन मिळावयाचें होतें. तें पुलापर्यंत पोंचलेंच नाहीं. शेवटीं नदी ओलांडून परत आले ते सुमारें २,४००. आर्नहेमच्या शिपायांत शौर्याची उणीव नव्हती. वाट पाहण्यास अंत राहिला नाहीं, एवढाच फरक.

पुंगलीस येऊन मिळणारी पलटण कोणती होती? १२ डिसेंबरच्या संध्याकाळीं जमालपूरकडून मजल मारीत जी पलटण पुलाशीं येऊन पोंचली ती मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, ‘जंगी पलटण’ म्हणून जी ओळखली जाते ती. तिचे नायक लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार हे होते. तिची स्वतःची परीक्षा नुकतीच झाली होती. जमालपूरच्या पाकिस्तानी अधिकाऱ्यास ब्रिगेडियर क्लेर यांनीं शरण येण्याविषयीं पत्र पाठविलें, तेव्हां त्यानें बाणेदार उत्तर लिहून त्यासोबत बंदुकीची एक गोळी पाठविली; आणि १० डिसेंबरच्या रात्रीं वेढा फोडून दक्षिणेकडे निसटण्यासाठीं जो निकराचा हल्ला केला, तो ह्याच पलटणीच्या अंगावर आला. ती लढाई देऊन, पुरती झोपही न घेतां, हे लोक मधुपूरच्या वाटेनें आपल्या बंधूंना गांठण्यास निघाले होते.

बंधु हा शब्द आम्हीं अलंकारासाठीं योजिलेला नाहीं. पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण ही पूर्वीं मराठा रेजिमेंटचीच तिसरी पलटण होती. नाईक यशवंत घाडगे हे ह्याच तिसऱ्या पलटणीचे. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत टायबर नदीच्या खोऱ्यांत त्यांच्या तुकडींतील सारे सोबती पडले, तेव्हां ते एकटेच शत्रूच्या मशीनगनवर धांवून गेले, तें ठाणें त्यांनीं जिंकलें, आणि तेथेंच गोळी लागून वयाच्या बाविसाव्या वर्षीं पडले. शिपाई नामदेव जाधव हे पहिल्या पलटणीचे. ९ एप्रिल १९४५ रोजीं इटलींतच सेनिओ नदीच्या कांठीं त्यांनीं गोळ्यांच्या वर्षावांत जखमी सोबत्यांस पाण्यांतून वाहून सुरक्षित स्थळीं पोंचविलें आणि मग परत फिरून शत्रूचीं तीन ठाणीं बंद पाडलीं. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्याहूनही जुनी एक आठवण आहे. पहिल्या महायुद्धांत ह्याच दोन पलटणी, तेव्हांच्या १०३ व ११० ह्या क्रमांकांच्या, मेसोपोटेमियांत कुत येथें एकत्र वेढल्या गेल्या होत्या. १९१५ च्या डिसेंबरांत वेढा पडला. त्यांच्या सुटकेसाठीं निघालेल्या सैन्यानें पुनःपुन्हां प्रयत्न केले. हजारों माणसें खर्चीं पडलीं. पण सुटका झाली नाहीं. उपासमारीनें खंगलेल्या त्या सैन्यानें २९ एप्रिल १९१६ रोजीं शस्त्रें खालीं ठेविलीं, आणि कोंकणांतील व देशावरील कितीएक घरांतील कर्ता पुरुष कैदेंतून परत आलाच नाहीं. कुतच्या तटावर जे दोघे खांद्यास खांदा लावून न येणाऱ्या मदतीची वाट पाहत बसले होते, त्यांतल्याच एकाच्या मदतीस पंचावन्न वर्षांनंतर दुसरा पुंगलीच्या पुलावर वेळेवर येऊन पोंचला. १२ डिसेंबरच्या संधिप्रकाशांत ओळख पटविण्यास त्यांस दुभाष्याची गरज नव्हती. पलटणींचे नायक शीख होते, उडी घेणारी पलटण ज्या ब्रिगेडची होती तिचे प्रमुख ब्रिगेडियर मॅथ्यू थॉमस हे ख्रिस्ती होते, मोहिमेची आंखणी करणारे जनरल जेकब हे कलकत्त्याचे यहुदी होते, वाट दाखविणारे बंगाली मुसलमान होते. आणि रणगर्जना शिवछत्रपतींच्या जयजयकाराची होती. पुढें दोन्ही पलटणींची वाट ढाक्याकडे वळली. ‘पुंगली पूल’ हें नांव दुसऱ्या पलटणीच्या सन्मानांत कायमचें नोंदलें गेलें, आणि कर्नल पन्नू यांस महावीरचक्र मिळालें.

आपल्या पांढरपेशा घरांतून शौर्याच्या कथा पुष्कळ वाचल्या जातात. त्या वाचतांना वीर हा सर्वांहून निराळा, एकटाच पुढें धांवणारा, असें चित्र मनांत उमटतें. पुंगलीच्या पुलानें आम्हांस दुसरें चित्र दाखविलें. दाराबाहेर पाऊल टाकणाऱ्यास पक्कें ठाऊक असतें कीं, छत्री बांधणाऱ्यानें चुकारपणा केलेला नाहीं, खालीं कोणीतरी कळशीभर पाणी घेऊन उभें आहे, आणि जमालपूरहून निघालेले आपले लोक वाटेंत बसून राहणार नाहींत. हा भरंवसा एका दिवसांत निर्माण होत नाहीं. तो पिढ्यान् पिढ्या एकमेकांसाठीं मेलेल्यांनीं कमावून ठेविलेला असतो. कुतमध्यें तो फळास आला नाहीं, म्हणून टाकून दिला गेला नाहीं. एवढ्यासाठींच पुंगली येथें तो हाताशीं होता.

संध्याकाळ झाल्यावर आम्ही परत फिरलों. वाचकांपैकीं कोणास ढाक्यास जाण्याचा प्रसंग आला तर त्यांनीं एक दिवस राखून टांगाईलास अवश्य जावें. वाट सोपी आहे व लोक अगत्यशील आहेत. ज्यांस तितकें दूर जाणें घडणार नाहीं, त्यांच्यासाठीं मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माणगांव आहे. यशवंत घाडगे यांचें गांव त्याच तालुक्यांतलें, आणि त्यांचें स्मारक माणगांवांत आहे. तेथें क्षणभर थांबून बरोबरच्या मुलांना सांगावें कीं, ह्याची पलटण पुढें सत्तावीस वर्षांनीं बंगालच्या आकाशांतून उतरली, आणि नामदेव जाधवांची पलटण तिला भेटण्यास वेळेवर पोंचली.